आधी नडगी दाबून पाहा

पाय सुजले की घरोघरी निदान तयार असतं: फार वेळ उभं राहणं झालं, नाहीतर वय झालं. मग शेजाऱ्यांना लागू पडलेली लघवीची गोळी दुकानातून येते, चार दिवसांत सूज उतरते आणि विषय मिटतो. माझा आक्षेप या मिटण्यालाच आहे. सूज हे लक्षण आहे. ते हृदयाकडून आलं, मूत्रपिंडाकडून, यकृताकडून की एखाद्या शिरेकडून, हे कळायच्या आतच गोळी ते पुसून टाकते.

केशवाहिन्यांतून पाणी सतत बाहेर झिरपत असतं. रक्ताचा दाब ते बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हा हिशेब मांडला. बाहेर उरलेलं पाणी लसिकावाहिन्या उचलून नेतात. यातलं काहीही बिघडलं की सूज येते.

हृदय थकलं तर शिरांमध्ये रक्त तुंबतं आणि दाब वाढतो. पण गोष्ट तिथे थांबत नाही. मूत्रपिंडाला पुरेसं रक्त पोचत नाही, तेव्हा शरीरात पाणीच कमी पडलंय असं समजून ते मीठ आणि पाणी राखू लागतं. म्हणजे दुखणं हृदयाचं आणि पाणी साठवतं निरोगी मूत्रपिंड! अशा माणसाचे पाय संध्याकाळी जास्त सुजतात, जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं झालं की गुदमरतं, उशाला एकाच्या दोन उश्या लागतात. या उश्यांबद्दल घरचे डॉक्टरांना सहसा सांगत नाहीत. जरूर सांगावं.

मूत्रपिंडाची चाळणीच खराब झाली तर सूज बहुधा सकाळी डोळ्यांभोवती दिसते आणि लघवीला फेस येतो. हा फेस अल्ब्युमिनचा. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांची सांगड घातली. त्या काळी चमच्यात लघवी तापवून ती गढूळ होते का, हे पाहत. आज तेच काम एक साधी पट्टी मिनिटभरात करते. तरीही सुजलेल्या रुग्णाची लघवी न तपासता त्याला गोळी लिहून दिली जाते, याचा मला मनापासून राग येतो. गरोदर बाईच्या बाबतीत तर पट्टी आणि रक्तदाब यांना पर्यायच नाही. तिथली सूज दरवेळी ‘असं होतंच’ म्हणून सोडून देण्यासारखी नसते.

यकृत निकामी होऊ लागलं की अल्ब्युमिन कमी तयार होतं. तिथे बहुतेकदा पोटात आधी पाणी भरतं, पाय मागून सुजतात.

एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली तर मात्र वेळ दवडू नये. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. इथे लघवीची गोळी निरुपयोगीच. पाय चोळणंही धोक्याचं.

आता अगदी रोजच्या कारणाकडे येतो. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणारे लोक आपल्याकडे घराघरांत आहेत. हे औषध धमन्यांच्या बारीक फांद्या सैल करतं, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, म्हणून मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि घोटे सुजतात. शरीरात जास्तीचं पाणी साठलेलं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीचा फारसा उपयोगही होत नाही. तरी ती सुरू होते, पोटॅशियम घटतं, म्हातारं माणूस रात्री उठताना चक्कर येऊन पडतं. इलाज असतो तो डॉक्टरांनी मूळ औषधाचा डोस कमी करण्याचा किंवा औषध बदलण्याचा. गुडघेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, हेही कुणी विचारत नाही.

म्हणून नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरा. खड्डा पडून रेंगाळला तर पाणी साठलंय. असा खड्डा दिसेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर पाणी जास्तीचं झालेलं असू शकतं, त्यामुळे वजन त्याआधीच वाढतं. हृदयाच्या रुग्णाने रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, खाण्याआधी वजन करून वहीत मांडावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न पाहता ती वही घेऊन दवाखाना गाठावा, आणि सोबत घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही न्यावीत.