स्नायूंची जोडी आणि पायातला गोळा



देवगडात मार्च ते मे हा हापूसचा हंगाम. झेल्याने आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या आणि त्या उचलून कातळाच्या उतारावरून गाडीपर्यंत न्यायच्या. दिवसभर असे राबलेल्या माणसाच्या पायात रात्री गोळा येतो आणि झोपेचे खोबरे होते. त्यावरचा उपाय आपल्याच शरीरात आहे. तो समजण्यासाठी स्नायू कसे काम करतात ते आधी पाहू.

आपल्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. स्नायूला आखडून ओढता येते, ढकलता मात्र येत नाही. म्हणूनच सांधा दोन्ही बाजूंना हलवायला स्नायूंची जोडी लागते. झेल्याची काठी खाली घेताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, कोपर वाकते आणि मागचा स्नायू सैल पडतो. काठी वर सारताना मागचा आखडतो, पुढचा सैल पडतो. दोघेही सारख्याच जोराने ओढू लागले तर हात जागीच ताठ राहील.

हे सैल पडणे आपण ठरवून करत नाही. एका स्नायूला आखडण्याचा निरोप जातो, तेव्हाच मज्जारज्जू त्याच्या जोडीदाराला थोपवून धरतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी हे प्रयोगांनी दाखवून दिले. मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गोळ्याकडे वळू. गोळा येतो तेव्हा पोटरीचा स्नायू आपोआप आखडतो आणि लवकर सुटत नाही. त्याचा जोडीदार नडगीच्या पुढच्या अंगाला असतो. अशा वेळी गुडघा सरळ ठेवावा आणि पायाचा पंजा नडगीकडे ओढून धरावा. नडगीचा स्नायू आखडला की पोटरीला सैल होण्याचा निरोप जातो, शिवाय ती ताणलीही जाते. मग हलक्या हाताने चोळावे.

झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन, त्याची टाच न उचलता पोटरी अर्धा मिनिट ताणावी. मग दुसऱ्या पायाची ताणावी. याने पुष्कळांना आराम पडतो. गोळे वरचेवर येत असतील किंवा एकच पाय सुजून गरम लागत असेल, तर अंगावर न काढता सरकारी दवाखान्यात दाखवावे.

अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर हेच त्याचे भांडवल. मुलांनी हे घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे आणि पोटरी ताणण्याची रीत स्वतः करून दाखवावी, एवढीच आमची विनंती.