‘साहेबाच्या काळातली स्वच्छ मुंबई’ आणि हाऊसगल्ली

धागा थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

दर काही महिन्यांनी हॉर्नबी रोडचे एखादे जुने पोस्टकार्ड समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागते. रुंद रस्ता, ट्राम, दगडी कमानी. खाली मजकूर ठरलेला: साहेबाच्या काळी मुंबईचे रस्ते पाण्याने धुतले जात, स्वातंत्र्य मिळाले आणि आपण शहराचा उकिरडा केला, कारण आपल्याला नागरी जाणीवच नाही.

धुतले जात असतीलही. प्रश्न एवढाच की कोणते रस्ते? छायाचित्रकाराने तिवई फोर्टात लावली होती. ती चार मैल उत्तरेला, परळ-लालबाग-नायगाव-वरळीत लावली असती तर त्या पोस्टकार्डाला गिऱ्हाईक मिळाले नसते.

आता पुरावे पाहू, आणि तेही साहेबाच्याच दप्तरातले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या हादऱ्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. पाडलेल्या घरांतली माणसे मात्र हवेत विरली नाहीत. ती शेजारच्या चाळीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरली. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपले ‘बीडीडी’, स्थापन झाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. उभ्या राहिल्या २०७ इमारती: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीत १२. म्हणजे साधारण १६,००० खोल्या. सुमारे १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि सर्वांत मिळून सामाईक संडास. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी सरकारने तुरुंग म्हणून वापरल्या आणि त्यासाठी इमारतीत फारसा बदल करावा लागला नाही, ही गोष्ट त्या वास्तुरचनेबद्दल पुरेसे सांगून जाते.

१९३१ च्या व्हिटले आयोगाच्या अहवालानुसार मुंबईतील कामगारवर्गाची ९७ टक्के घरे एका खोलीची होती. हा आयोग ब्रिटिश सरकारनेच नेमलेला. १९४६ चा भोर समितीचा अहवालही त्याच सरकारने मागवलेला: १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे १६२ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती, इंग्लंड-वेल्समध्ये ५८, आणि इथल्या माणसाचे सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास. ज्यांना ‘तो काळ’ हवाहवासा वाटतो त्यांनी हा आकडा आपल्या वयाशेजारी मांडून पाहावा.

एक विसंगती इथे नोंदवावीशी वाटते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात १८९९ पासून हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती आणि १९२६ पासून केईएम रुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर. आशियातील नावाजलेले वैद्यकीय ज्ञान गिरणगावाच्या मध्यभागी नांदत होते. लस तिथे तयार होत होती. नळाला पाणी मात्र नव्हते.

आता ‘नागरी जाणीव’ या लाडक्या शब्दाकडे वळू.

जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या पाठींमध्ये एक अरुंद बोळ असतो. त्याला हाऊसगल्ली म्हणतात. ती इमारती बांधताना चुकून राहिलेली जागा नव्हे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात तिची रीतसर व्याख्या आहे: सांडपाण्यासाठी, किंवा संडास साफ करणाऱ्यांना तिथपर्यंत पोहोचता यावे म्हणून राखलेली वाट. टोपलीच्या संडासाखालची पाटी मागून काढायची, डोक्यावर घ्यायची आणि पुढल्या दाराने जाणाऱ्या कुणाच्याही दृष्टीस न पडता निघून जायचे. याच कायद्यात ‘हलालखोर कर’ नावाचा कर होता. म्हणजे जे काम जातीने लादले होते त्याला नकाशात जागा आणि जमाखर्चात रकाना, दोन्ही मिळाले. शहराची स्वच्छता या अदृश्य माणसांच्या डोक्यावर उभी होती. यांतले अनेक जण काठेवाडातून आलेले. पोस्टकार्डात ते नाहीत. ते दिसू नयेत म्हणूनच तर गल्ली बांधली होती.

स्वातंत्र्यानंतरचे काय, असा प्रतिवाद येईल. यावा. नव्या राज्यकर्त्यांना मी सूट देणार नाही, पण हिशेब पुरता मांडावा लागेल. युद्ध आणि फाळणी यांच्या रेट्याने १९४१ ते १९५१ या दशकात बेटावरील मुंबईची लोकसंख्या सुमारे १५ लाखांवरून २३ लाखांवर गेली. तानसाचे पाणी १८९२ मध्ये आले होते. पुढला मोठा आधार, वैतरणेवरचे धरण, १९५७ मध्ये पुरे झाले. ज्या अभियंत्याचे नाव त्या तलावाला आहे त्याच मोडकांनी १९४८ मध्ये अल्बर्ट मेयर यांच्यासह बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला होता; माणूस दूरदृष्टीचा खरा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. तो कायदा नसता तर गिरणी कामगार रस्त्यावर आला असता, हे माझे स्पष्ट मत आहे. पण त्या भाड्यात घरमालक फुटका मैलानळ बदलीना आणि सरकारही ती जबाबदारी घेईना. चाळी दुरुस्तीचे मंडळ यायला १९६९ उजाडले. तोवर जिन्याखाली साचलेल्या पाण्याचा दोष भाडेकरूच्या ‘सवयीं’वर टाकला गेला.

सफाई कामगारांबाबत तर माहिती नव्हती अशी सबबही चालणार नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. तिने १९५२ मध्ये अहवाल दिला. डोक्यावरून मैला वाहणे थांबवा, हातगाड्या द्या, अशा तिच्या शिफारशी केंद्राने १९५५ मध्ये सर्व राज्यांकडे धाडल्या. १९५७ मध्ये मलकानी समिती आली, १९६० मध्ये तिचाही अहवाल आला. संसदेने या कामावर बंदी घालणारा कायदा केला १९९३ मध्ये. तो अपुरा ठरला म्हणून दुसरा, २०१३ मध्ये.

तेव्हा पुढल्या वेळी ते पोस्टकार्ड तुमच्यापर्यंत आले, तर पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: या इमारतींची मागची बाजू दाखवणारे छायाचित्र आहे का? पुढच्या धाग्यात १८८८ च्या त्या कायद्याची कलमे पाहू. तो आजही लागू आहे आणि हाऊसगल्लीची व्याख्या त्यात अजून आहे.