१९२७ : दोन तारखांच्या मधले वर्ष

सन १९२७ मधील दोन तारखा आज आपल्या प्रत्येक वस्तीत ठाऊक आहेत. २० मार्च रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि २५ डिसेंबर रोजी त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील लहान मुलेही हे दोन दिवस अचूक सांगतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या दोन दिवसांच्या मध्ये नऊ महिने होते. त्या नऊ महिन्यांत काय घडले, असे विचारले असता आपल्यातील सुशिक्षितही निरुत्तर होतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की, १९२७ या वर्षाची खरी शिकवण त्या नऊ महिन्यांत आहे. जो समाज केवळ दोन दिवसांचा उत्सव करील आणि मधल्या कष्टांचा हिशेब विसरेल, त्याच्या हाती उत्सव राहील, हक्क राहणार नाही.

कागदावरचा हक्क

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, महाडला जे मागितले गेले ते नवे नव्हते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी श्री. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडून तो संमत करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे तीन वर्षे हक्क कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते. पण त्या पाण्यास हात लावण्याची छाती कोणाची नव्हती. १९२६ मध्ये श्री. बोले यांना पुन्हा उठून, जी स्थानिक मंडळे ठराव पाळीत नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे, अशी मागणी करावी लागली.

वर्षाच्या प्रारंभीच बाबासाहेबांनी दिशा दाखविली होती. १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगाव भीमा येथील स्तंभापाशी जाऊन त्यांनी आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचे स्मरण करून दिले. त्याच सुमारास मुंबई कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. एकीकडे कायदा करणाऱ्या सभागृहात जागा, दुसरीकडे कायदा पाळला जात नाही अशा गावाकडे पाऊल, असे हे दुहेरी कार्य होते.

मार्चमधील दगडफेक आणि संयम

१९ व २० मार्च रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. श्री. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी खेडोपाडी पायपीट केली होती. नगरपालिकेचे अध्यक्ष श्री. सुरबानाना टिपणीस, श्री. अनंतराव चित्रे व श्री. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील सज्जन उघडपणे पाठीशी उभे होते. हजारो स्त्रीपुरुष शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी पिऊन परतले. त्यानंतर काही वेळातच, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठविण्यात आली. मंडपात जेवणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या व दगड घेतलेला जमाव तुटून पडला. गावी परतणाऱ्यांना वाटेवरच्या खेड्यांतही मार खावा लागला. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

प्रतिकार करणे अशक्य होते असे नाही. आपल्या लोकांत लष्करातून परतलेले जवान होते, आणि ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. जखमींची व्यवस्था लावणे आणि गुन्हेगारांविरुद्ध फिर्याद देणे, हा मार्ग त्यांनी निवडला. तिकडे सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याने भरलेल्या एकशे आठ घागरी पाण्यात रित्या केल्या. जनावरे पाणी पीत तेव्हा न बाटणारे तळे माणसाच्या ओंजळीने बाटले, हे त्यांनी स्वतःच जगास सिद्ध करून दाखविले.

ते नऊ महिने

आता त्या नऊ महिन्यांकडे वळू. ३ एप्रिल रोजी, म्हणजे तळ्यावरील घटनेनंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. पदरी पैसा नव्हता, लेखनिक नव्हते. अंकातील बहुतेक मजकूर बाबासाहेबांना स्वतः लिहावा लागे. तरीही वृत्तपत्र निघाले, कारण मार खाल्लेल्या समाजाची हकीकत मारणाऱ्यांच्या वृत्तपत्रांतून येत नसते. जूनमध्ये हल्ल्याच्या खटल्याचा निकाल लागला आणि पाच आरोपींना चार चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा निकाल आपोआप लागला नाही. ज्यांना त्याच गावात, त्याच मालकांच्या शेजारी पुढे नांदायचे होते, त्या गरीब माणसांच्या साक्षींवाचून तो लागता ना.

पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. श्री. बोले यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हक्क बजावण्यापूर्वी तो देणारा कागद कोणी फाडला नाही. तो बजावल्यानंतर मात्र तत्काळ फाडला गेला. न वापरलेल्या हक्काची कोणास भीती वाटत नाही, हा त्याचा अर्थ होय.

नोव्हेंबरात अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद झाली, तिचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी स्वीकारले. परिषद चालू असताच ज्येष्ठ बंधूंच्या निधनाची वार्ता त्यांना समजली. डिसेंबर उजाडला तोच सनातनी पक्षाने महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे सार्वजनिक नसून आपल्या खाजगी मालकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रहास अवघे दहा-अकरा दिवस उरले होते.

डिसेंबरमधील कसोटी

तरीही परिषद भरली. सभेस जागा देण्यास कोणी हिंदू तयार होईना, तेव्हा श्री. फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. गावचे व्यापारी माल देईनात, म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. मुंबईची मंडळी बोटीने दासगावास उतरली आणि तेथून पायी महाडास आली. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. आपण केवळ पाणी पिण्यास आलो नसून आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यास आलो आहोत, असा त्या भाषणाचा आशय होता. श्री. सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या व श्री. पां. ना. राजभोज यांनी अनुमोदिलेल्या ठरावानुसार त्या रात्री मनुस्मृतीची होळी झाली. जन्माने ब्राह्मण असलेल्या गृहस्थाने तो ठराव मांडावा, यातच लढा माणसांशी नसून विषमतेच्या शास्त्राशी होता हे दिसून येते.

परंतु पाण्याचे काय? हजारो सत्याग्रही तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. जिल्हाधिकाऱ्यांनी सभेत येऊन न्यायालयाचा हुकूम पाळण्याची विनंती केली. पुष्कळ चर्चेनंतर बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला, आणि सभेने तो जड अंतःकरणाने मानला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली. पाण्यास कोणी स्पर्श केला नाही.

ही माघार होती, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांच्या तळमळीविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या निष्कर्षाशी मात्र आम्ही सहमत नाही. स्पृश्य समाज विरोधात असता सरकारलाही विरोधात ढकलणे म्हणजे दुबळ्या समाजाने दोन आघाड्यांवर लढणे होय. ज्यांचा दावा खोटा होता त्यांना तो न्यायालयातच खोटा ठरवून द्यावा, हा मार्ग लांबचा होता, पण पक्का होता. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. मूळ दाव्याचा व अपिलाचा निकाल आपल्या बाजूने लागला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळून लावले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. एका ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे!

आणि त्या ओंजळीचा प्रवाह तेथेच थांबला नाही. भारतीय संविधानाचा अनुच्छेद १५ आज वाचावा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातील एका मोठ्या लोकशाहीच्या मूलभूत हक्कांत तलावाचा उल्लेख का असावा, याचे उत्तर महाडच्या पायऱ्यांवर सापडते.

आपण काय करावे

धम्मबंधूंनो व भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी दिसते की दीक्षा घेतली म्हणजे झगडा संपला. दीक्षेने मन मुक्त होते. गावचा पाणवठा, स्मशानभूमी आणि कचेरीतील दाखला मुक्त करण्यासाठी मात्र वेगळे कष्ट पडतात. १९५६ साली बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० साली मिळाल्या. मधल्या चौतीस वर्षांत अर्ज, मोर्चे व शिष्टमंडळे यांचा कंटाळा केला असता तर त्या मिळाल्या नसत्या.

म्हणून आमची विनंती अशी की, यंदा मार्चमध्ये आपल्या विहारात केवळ वंदना व भाषणे करून थांबू नये. प्रत्येक कुटुंबाने आपले जातीचे दाखले, जमिनीचे उतारे व मुलांच्या शाळेची कागदपत्रे एका ठिकाणी नीट लावून ठेवावीत. गावात अन्याय घडल्यास फिर्याद त्याच दिवशी द्यावी, आणि साक्षीदारास शेवटपर्यंत एकटे पडू देऊ नये. कारण आपले खटले पुराव्याअभावी जितके बुडतात तितकेच साक्षीदाराच्या एकटेपणामुळे बुडतात. त्याच्या घरची चूल व मुलांची फी ही सबंध वस्तीची जबाबदारी मानावी.

माताभगिनींना वेगळे सांगणे नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांची सभा घेऊन, अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाका, मुलींना शिकवा, दारू पिऊन येणाऱ्यास घरात थारा देऊ नका, असा उपदेश केला होता. परिषदेहून घरी परतण्यापूर्वीच कित्येकींनी लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली. न्यायालयाचा निकाल लागण्यास दहा वर्षे लागली. त्या भगिनींनी आपला निकाल त्याच दिवशी लावला होता.

दोन तारखा पाठ करणे सोपे आहे. मधले नऊ महिने आणि पुढची दहा वर्षे जगून दाखविणे कठीण आहे. पण तोच खरा वारसा आहे, आणि तो सांभाळण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.