पगार चालू आहे, पण काम कुठे आहे?

देवनहळ्ळीला जायच्या दोन वाटा आहेत. २००८ च्या मे महिन्यात तिथे बेंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला. पाय नसलेला प्रवासी आला तर त्याला चाकाची खुर्ची देणे, विमानात चढायला मदत करणे हे नियमाने बंधनकारक आहे. मे २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतले नाही म्हणून कंपनीला ५ लाख रुपये दंड झाला. दुसरी वाट आपली. येलहंक्याहून चिक्कबळ्ळापूरला जाणारी लाईन याच गावातून जाते, विमानतळापाशी जानेवारी २०२१ पासून हॉल्टही आहे. या वाटेने कुबड्यांवर येणाऱ्याने दांडा धरून डब्यात चढायचे. नाही चढता आले तर दंड कोणाला?

पण बंधूंनो, आज आम्हाला बोलायचे आहे ते प्रवाशाबद्दल नाही, गाडी चालवणाऱ्या आणि टपाल पोहोचवणाऱ्या माणसाबद्दल. शंटिंग करताना ज्याचा पाय गेला, ज्याची बोटे कपलिंगमध्ये चिरडली, त्याचे पुढे काय होते?

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम २० सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी नोकराला काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरे काम द्यावे. जागा नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे. १९९५ च्या कायद्यात हेच कलम ४७ होते, आणि पाय कापावा लागल्यामुळे घरी पाठवलेल्या कुणाल सिंग नावाच्या जवानाला त्याच कलमावर २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला.

मग घोडे कुठे अडते? अडते ते ऑफिसच्या कोपऱ्यात. तिथे एक खुर्ची टाकतात, त्यावर कालपर्यंत पॉईंट्समन असलेल्या माणसाला बसवतात. साहेब म्हणतात, "पगार मिळतोय ना? मग बसा." तीस वर्षे राबलेल्या माणसाला चहा आणि फायली पोचवायला लावणे याला प्रशासन पुनर्वसन म्हणते. आम्ही याला अपमान म्हणतो.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते साहेब वाचत नाहीत. कामाच्या जागी योग्य त्या सोयी करून देणे आणि अडथळे काढणे हीही मालकाची जबाबदारी आहे. या सोयी कोणत्या, हे सांगणारी एक विद्या आहे. तिचे नाव व्यवसायोपचार. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन बाईंनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात तिची देशातली पहिली शाळा काढली. म्हणजे ही काही कालपरवाची टूम नव्हे. हा तज्ज्ञ आधी काम पाहतो. किती वजन उचलायचे, किती वेळ उभे राहायचे, टेबल केवढे उंच, सॉर्टिंगच्या खालच्या कप्प्यापर्यंत किती वाकायचे. मग माणूस पाहतो. तीन बोटे उरली असतील तर शिक्क्याची मूठ जाड करून देतो. गुडघ्याखाली पाय कापला असेल तर आधी उरलेल्या भागाची सूज उतरवून त्याला आकार येऊ द्यायचा, मग कृत्रिम पाय बसवायचा, तोल शिकवायचा, आणि शेवटी नेमके त्याच्या ड्यूटीतले उठणे-बसणे-चालणे घोटून घ्यायचे. नुसता पाय हातात दिला की तो घरी खुंटीला लटकतो, हे आपल्या वसाहतींत कोणीही सांगेल.

पैसे नाहीत, ही सबब चालणार नाही. मांडी घालून आणि उकिडवे बसता येईल असा जयपूर फूट डॉ. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वस्तात करून दाखवला. अंध कारकुनाला संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीए फुकट मिळते. सरकारने मात्र २०१७ साली जीएसटी आणला तेव्हा चाकाच्या खुर्चीवरसुद्धा ५ टक्के कर बसवला. चालायचे असेल तर कर भरा! वर २०१५ पासून 'दिव्यांग' म्हणून गौरव. शब्द बदलायला खर्च येत नाही, जिना तसाच राहतो.

आणि ती शिबिरे! मंत्री येतात, तीनचाकी वाटतात, फोटो निघतो. माप घेतले का, दुरुस्ती कोण करणार, हे विचारले की आयोजक घड्याळ पाहतात. माप न घेता दिलेल्या खुर्चीने पाठीला जखमा होतात. बेंगळुरूतच याहून शहाणपणाचे काम चालते. स्वतः पोलिओग्रस्त असलेल्या एन. एस. हेमा यांनी १९५९ साली तिथे अपंगांची संस्था उभी केली, १९९४ पासून मोबिलिटी इंडिया कृत्रिम अवयव करणारे कारागीर तयार करते. संस्था हे करतात, मग लाखोंचा नोकरवर्ग असलेली रेल्वे आणि टपाल खाते का करत नाही?

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अडथळे काढण्याबाबत नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. ते निकष प्रवाशाच्या फलाटापाशी थांबता कामा नयेत. लॉबी, रनिंग रूम, आरएमएसचे सॉर्टिंग ऑफिस इथपर्यंत आले पाहिजेत. आणि ज्या ग्रामीण डाक सेवकाला खाते आपला पूर्ण नोकर मानायलाच तयार नाही, त्याचा पाय गेला तर त्याने कोणाच्या दारात जायचे?

प्रत्येक मंडल रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञाचे कायम पद हवे, ठेक्यावरचे नको. वैद्यकीय वर्गातून उतरवलेल्या प्रत्येकाला नवे काम देण्यापूर्वी त्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा, आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात पडली पाहिजे. शाखा सचिवांनी आपल्या डेपोत, स्टेशनात, पोस्टात असे किती जण नुसते बसवून ठेवले आहेत याची यादी पुढच्या मासिक बैठकीपूर्वी पाठवावी. नावापुढे पूर्वीचे काम, आजचे काम आणि कोणते साधन मिळाले हे लिहावे. साधन मिळाले नसेल तर तसे लिहावे.