भानगडीत न पडण्याचे शिक्षण

"शिकावे, नोकरी धरावी, भानगडीत पडू नये" हा उपदेश बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती घरांत मुलांच्या कानी नित्य पडतो. आम्ही संख्येने मूठभर, तेव्हा मौन हेच शहाणपण, असा त्यामागील युक्तिवाद. तो आम्हांस मान्य नाही.

सिंदखेडराजाच्या जिजाऊंमुळे बालपणीच्या संस्कारांचे मोल या जिल्ह्यास ठाऊक आहे. तरीही आपल्याच एका धर्मबंधूची जडणघडण आम्ही मुलांना कधी सांगितली नाही. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी पिओ गामा पिंटो यांचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत, गोवेकर कॅथलिक कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी ते शिक्षणासाठी भारतात आले. गोव्यात हडफडे येथील संत जोसेफ शाळा, पुढे धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि मग मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी. आमच्या हिशेबाने पोरगा मार्गी लागला!

पण हा तरुण संपात उतरला. गोव्याच्या मुक्तीसाठी स्थापन झालेल्या गोवा नॅशनल काँग्रेसच्या संस्थापकांत तो होता. गोव्याचे पोर्तुगीज राज्यकर्ते कॅथलिकच होते. परंतु राज्यकर्त्यांचा क्रूस पाहून त्याने त्यांचा अन्याय पोटात घातला नाही. अटक आणि हद्दपारी टाळण्यासाठी १९४९ मध्ये त्यास केनियास परतावे लागले. तेथे गोवेकर मूठभरच. पुष्कळसे सरकारी कचेऱ्यांत कारकून. त्यांनाही मौन सोयीचेच होते. पिंटो मात्र आफ्रिकी बांधवांच्या बाजूस उभे राहिले आणि १९५४ ते १९५९ अशी पाच वर्षे त्यांनी ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत काढली.

कोणी म्हणेल, ते समाजवादी होते, आणि अखेर झाले काय? २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, घराच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. किंमत जबर होती, हे आम्ही लपवीत नाही. परंतु कामगारांचा संघटनेचा हक्क पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच मान्य केला होता. मजुराच्या बुडालेल्या मजुरीसाठी बोलणे ही मग 'भानगड' कशी? आणि ज्यांचा प्रभू पिलातापुढे उभा केला गेला, त्यांनी मुलांना केवळ अंग चोरण्याचे शिक्षण द्यावे काय?

१ मे रोजी श्रमिक संत योसेफाचा सण असतो. त्या दिवशी धर्मशिक्षणाच्या वर्गात पिंटोंची ही कथा सांगितली जावी, एवढीच आमची मागणी आहे. मुले प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत.