शिरगणती, अदमास आणि पोटाचा हक्क

मुंबईची वस्ती किती, हा साधा प्रश्न तीन जाणत्या गृहस्थांस विचारावा आणि तीन निरनिराळीं उत्तरें घेऊन घरीं यावें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आला असेल. एक सव्वा कोटि म्हणतो, दुसरा एक कोटि चौऱ्यांशी लक्ष म्हणतो, तिसरा बेधडक दोन कोटींच्या पुढें जातो. यांत कोणी खोटें बोलतो असें नाहीं. कोर्टांत कधीं कधीं तीन साक्षीदार तीन निराळ्या घटनांविषयीं प्रामाणिकपणें साक्ष देतात व ऐकणारा मात्र त्यांस परस्परविरोधी समजतो, तसाच हा प्रकार आहे.

२०११ च्या खानेसुमारींत बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत १,२४,४२,३७३ माणसें भरलीं. ठाणें, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं जमेस धरलीं म्हणजे त्याच खानेसुमारीचा आंकडा सुमारें १ कोटि ८४ लक्षांवर जातो. आणि जेथून रोज पहांटे गाड्या भरभरून माणसें मुंबईंत पोटासाठीं येतात, तें वसई-विरार या दुसऱ्या आंकड्यांतहि नाहीं! इकडे दिल्लीचा नागरी समूह खानेसुमारींत त्या राज्याच्या सीमेपाशीं थांबतो. संयुक्त राष्ट्रांचे अंदाजकार मात्र गुडगांव, फरिदाबाद, गाझियाबाद यांसहि दिल्लींत ओढतात. मग दिल्ली मुंबईच्या पुढें गेली म्हणून कोणी हर्ष मानावा व कोणी खेद, यास अर्थ काय उरला? जाकार्ताची गोष्ट तर याहूनहि मौजेची आहे. २०१८ च्या अहवालांत तिची वस्ती सुमारें एक कोटि होती. २०२५ च्या अहवालांत ती सव्वाचार कोटींच्या घरांत जाऊन जगांत पहिली ठरली. सात वर्षांत तीन कोटि माणसें तेथें उतरलीं नाहींत. शहर कशास म्हणावें याची व्याख्या तेवढी बदलली.

हद्दीइतकाच मोजणीचा दिवस महत्त्वाचा. १८९१ सालीं मुंबईंत ८,२१,७६४ माणसें होतीं. १९०१ च्या मार्चांत तीं ७,७६,००६ भरलीं. आणि १९०६ सालीं शहराची स्वतंत्र मोजणी झाली तेव्हां ९,७७,८२२! प्लेगानें माणसें मेलीं हें खरें, पण प्लेगाच्या धास्तीनें बिऱ्हाड गुंडाळून गांवीं गेलेलींहि १९०१ च्या त्या रात्रीं शहरांत नव्हतीं.

आतां अदमासाकडे वळूं. व्यापारी वाचकांस हें चटकन् उमजेल. दिवाळीस मालाची मोजदाद करावी, पुढें खरेदी मिळवावी, विक्री वजा करावी, आणि शिल्लक कागदावर काढावी, तसाच हा उद्योग. जन्म हे खरेदीखातीं, मृत्यु हे विक्रीखातीं. या दोहोंची नोंद बरीवाईट कां होईना, नगरपालिकेच्या दप्तरीं असते. परंतु कुर्ल्याच्या टर्मिनसावर वळकटी घेऊन उतरणाऱ्या माणसाचें, किंवा परळची खोली विकून डोंबिवलीस गेलेल्या कुटुंबाचें बिल कोणी फाडीत नाहीं. म्हणून अंदाजकार मागल्या दशकाचा वाढीचा दर पुढें चालवितो. १९९१ ते २००१ या काळांत बृहन्मुंबई शेंकडा २० हून अधिक वाढली होती. तोच दर पुढें धरला असता तर २०११ सालीं १ कोटि ४४ लक्ष माणसें निघावयास हवीं होतीं. निघालीं त्याहून वीस लक्षांनीं कमी. वाढ शेंकडा ३·८७ च झाली, आणि जुन्या बेटावरील मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती तर ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली. मात्र त्याच दहा वर्षांत ठाणें जिल्हा शेंकडा ३६ नें वाढला. ज्या शहरांत येजा थोडी तेथें अदमास बरा उतरतो; जेथें येजा फार तेथें तो फसतो.

पुण्याचें उदाहरण जवळचें आहे. २०११ चा सुमारें ३१ लक्षांचा आंकडा अद्याप भाषणांतून ऐकूं येतो. परंतु २०१७ मध्यें ११ व २०२१ मध्यें २३ गांवें शहरांत आलीं, पुढें त्यांतून दोन वगळण्याचें ठरलें. पाण्याचा कोटा मागतांना महापालिकेचा आंकडा फुगतो आणि देणाऱ्या खात्याचा आखडतो, हेंहि पुणेकर जाणतात.

कोणी म्हणेल, हा आंकडेमोडीचा शौक झाला. लोकांचें यांत काय जातें? लोकांच्या तोंडचा घांस जातो. २०१३ चा अन्नसुरक्षेचा कायदा खेड्यांत शेंकडा ७५ पर्यंत व शहरांत शेंकडा ५० पर्यंत लोकांस स्वस्त धान्याचा हक्क देतो. पण ती गणना प्रसिद्ध झालेल्या खानेसुमारीवरच करावयाची असते. २०२१ ची खानेसुमारी महामारीमुळें पुढें गेली, ती लांबतच गेली, आणि देशाची मर्यादा २०११ च्या हिशेबानें सुमारें ८१ कोटींवर खिळून राहिली. त्यानंतर जन्मलेलें मूल पंगतीस बसलें आहे, पण वाढप्याच्या यादींत त्याचें पान नाहीं. भाषणासाठीं अदमास आणि धान्यासाठीं जुनी वही, हा दुटप्पी व्यवहार आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ज्या वर्षीं खानेसुमारी चुकली, त्या वर्षापुरता सरकारनेंच केलेला राज्यवार अंदाज धान्याच्या कामींहि ग्राह्य धरण्याची तरतूद कायद्यांत झाली पाहिजे. तसेंच कोणत्याहि नगरपालिकेनें वस्तीचा आंकडा छापतांना त्याची हद्द, तारीख व रीत शेजारीं छापावी, अशी आमची मागणी आहे.

मोजणी स्वतःहि निर्दोष नसते. २००१ व २०११ या दोन्ही वेळीं मागाहून केलेल्या पडताळणींत हजारीं २३ माणसें सुटल्याचें आढळलें, आणि शहरांतील गळती खेड्यांहून अधिक होती. सुटतो तो बंगलेवाला नव्हे. दुकानाच्या माळ्यावर निजणारा पोऱ्या, वखारींतला हमाल, बांधकामावरचा पहारेकरी हे सुटतात. आणि "येथें कोणी राहत नाहीं" हें उत्तर पुष्कळदां आमच्याच पेठेंतील शेटजी देतात. १९३१ सालीं परक्या सरकारच्या शिरगणतीवर काँग्रेसनें बहिष्कार पुकारला होता, तेव्हां नांव न सांगणें ही देशसेवा होती. आतां दप्तर आपलें आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें नव्या खानेसुमारीसाठीं १ मार्च २०२७ हा दिवस नेमला आहे. भाड्याच्या वा कराच्या दाव्यांत आपलें उत्तर आपल्यावरच उलटेल, ही शेटजींची भीति निराधार आहे. १९४८ च्या कायद्याच्या १५ व्या कलमानें त्या नोंदी दिवाणी दाव्यांत पुराव्यास घेतां येत नाहींत. तेव्हां गणनादार दारीं येईल त्या दिवशीं माळ्यावरच्या पोऱ्यास खालीं बोलवावें आणि त्याचें नांव त्यालाच सांगूं द्यावें.