31 मार्चच्या आत स्वतःची येणी तपासा : लघुउद्योजक आणि त्यांच्या सल्लागारांना तातडीचे आवाहन



आर्थिक वर्ष संपत आले आहे. या दिवसांत प्रत्येक छोट्या कारखान्यात एकच धावपळ असते : बँकेचा हप्ता, जीएसटीचे रिटर्न, कामगारांचे पगार आणि पार्टीकडे अडकलेले पेमेंट. पहिल्या तीन गोष्टींना तारीख चुकत नाही. चौथीला मात्र तारीखच नसते, अशी आपली समजूत झाली आहे. ‘पुढच्या आठवड्यात बघू’, ‘साहेब बाहेरगावी आहेत’, ‘बिल अकाउंट्सला पाठवलंय’ हे ऐकत वर्ष सरते. ही समजूत चुकीची आहे. या पेमेंटलाही कायद्याने तारीख घालून दिली आहे, आणि ती मागण्यासाठी लागणारी बहुतेक सगळी माहिती सरकारी ठिकाणी फुकट मिळते. ती येत्या काही दिवसांत वापरात आणावी, एवढ्यासाठी हे आवाहन.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम 15 नुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार कितीही दिवसांचा असला, तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल, तर मुदत फक्त 15 दिवसांची. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. म्हणून सहा महिन्यांनी अचानक निघालेल्या ‘रिजेक्शन’च्या डेबिट नोटला घाबरून जाण्याचे कारण नाही.

मुदत टळली की कलम 16 लागू होते : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला, तर व्याज साडेसोळा टक्के होते. चार लाखांचे बिल सहा महिने थकले, तर व्याजच सुमारे 34 हजार रुपये.

याला 2023 च्या वित्त कायद्याने आणखी धार दिली. आयकर कायद्याच्या 43ब कलमात भर पडली आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून नियम बदलला. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे मुदतीत न दिलेले पैसे 31 मार्चला थकीत असतील, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल, त्या वर्षीच तो मिळतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या खरेदीदाराने तुमचे चार लाख अडकवून ठेवले, तर यंदा त्याला एक लाख वीस हजारांचा जादा कर बसू शकतो. त्यामुळे मार्च महिन्यात तुमच्या एका पत्राला जे वजन असते, ते एप्रिलमध्ये उरत नाही.

पण या सगळ्याचा पाया आहे उद्यम नोंदणी, आणि नेमकी तिथेच आपली फसगत होते. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. ती पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन पुरते. कागद अपलोड करावा लागत नाही आणि नूतनीकरणाची भानगड नाही. तरीही इंटरनेटवर शोधले की सरकारी वाटावीत अशी खासगी पाने वर येतात. अशोकस्तंभासारखे चिन्ह, तिरंगी पट्टी, आणि शेवटी ‘शुल्क भरा’चे बटण. खरे सरकारी संकेतस्थळ एकच : उद्यमरजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल, तर तिथून बाहेर पडा. ‘तुमचे प्रमाणपत्र रद्द होणार आहे’ असा फोन करून कोणी पैसे उकळले असतील, तर सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा.

नोंदणी असणाऱ्यांनी आजच आपले प्रमाणपत्र काढून दोन ओळी वाचाव्यात. पहिली, ‘मेजर ॲक्टिव्हिटी’. घाईत किंवा एजंटच्या हातून तिथे ‘ट्रेडिंग’ पडलेले असते. 2021 पासून व्यापाऱ्यांना नोंदणी मिळते खरी, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. थकीत पेमेंटचे संरक्षण तिला नाही. तुम्ही लेथवर जॉब काढता, कपडे शिवता, मसाले दळून विकता आणि कागदावर मात्र व्यापारी आहात, तर हक्काच्या रकमेवर तुम्हीच पाणी सोडता आहात. दुरुस्ती त्याच संकेतस्थळावर करता येते. दुसरी ओळ, नोंदणीची तारीख. ऑर्डर आधी घेतली आणि नोंदणी नंतर केली, तर खरेदीदाराचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. सर्वोच्च न्यायालयापर्यंत या मुद्द्यावर वाद गेले आहेत. तेव्हा पुढची ऑर्डर घेण्याआधी नोंदणी हाताशी असू द्या.

‘आपण आता मोठे झालो, आपल्याला हे लागू नाही’ असे वाटणाऱ्यांनीही पुन्हा पाहावे. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल, तर उद्योग सूक्ष्म. 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघू.

आता खरी अडचण. कायदा कळला, तरी पार्टीविरुद्ध तक्रार कोण करणार? वर्षभराचे काम त्या एकाच कंपनीकडून येते, तिलाच नोटीस कशी धाडायची? ही भीती खोटी नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तक्रारीचे दार ठोठावायला आम्ही सांगत नाही. आधी एवढे करा : बिलावर उद्यम क्रमांक छापा, प्रमाणपत्राची प्रत ईमेलने पाठवा आणि थकीत बिलांची तारीखवार यादी सोबत जोडा. धमकीचा एक शब्दही नको. कारण पुढचे काम खरेदीदाराच्या ऑडिटरकडे जाते. कलम 22 नुसार ज्यांचे लेखापरीक्षण होते, त्यांना सूक्ष्म आणि लघू उद्योगांची थकबाकी वार्षिक हिशेबात वेगळी दाखवावी लागते. कंपन्यांना 45 दिवसांवरच्या थकबाकीचा अर्धवार्षिक तपशील कंपनी निबंधकांकडेही द्यावा लागतो. तुमचा क्रमांक त्यांच्या दप्तरी लागला, की तुमचे बिल टाळणे त्यांना महाग पडते. ‘नोंदणी काढून टाका, मग काम देतो’ असे कोणी सुचवले, तर त्याचे कारणही हेच आहे. तसे करू नका.

एवढ्यानेही पैसे आले नाहीत, तर सूक्ष्म व लघू उद्योग सुकरता परिषदेकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात या परिषदा विभागवार आहेत. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘समाधान’ पोर्टलमुळे त्यासाठी घरबसल्या अर्ज करण्याची सोय झाली. परिषदेच्या निवाड्याला खरेदीदाराला आव्हान द्यायचे असेल, तर आधी रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात. मात्र परिषद कागद मागते : पर्चेस ऑर्डर, बिल, आणि माल मिळाल्याचा सही-शिक्का असलेले डिलिव्हरी चलन. गेटवरच्या वॉचमनने नुसती आडवीतिडवी सही ठोकलेले चलन पुढे निरुपयोगी ठरते. तारीख, नाव आणि शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत फिरवू नका. आणि जुने येणे तीन वर्षांच्या आत मार्गी लावा.

कर्जाच्या बाबतीतही ऐकीव माहितीवर विसंबू नका. सूक्ष्म व लघू उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच सांगितले होते. त्यावरच्या कर्जासाठी 2000 साली स्थापन झालेल्या पतहमी न्यासाची योजना आहे; तिची मर्यादा आता 10 कोटी रुपये आहे. नवा उद्योग उभारणाऱ्यांसाठी केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती, अशा दोन योजना आहेत. त्यांच्या अनुदानाची ‘सेटिंग’ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अर्ज ऑनलाइन होतो आणि माहिती प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, केंद्राच्या योजनांसाठी मुंबईत साकीनाका आणि नागपूर येथील एमएसएमई कार्यालये, आणि अडलेल्या कामाच्या तक्रारीसाठी ‘चॅम्पियन्स’ पोर्टल. गोव्यातल्या उद्योजकांनी उद्योग, व्यापार व वाणिज्य संचालनालयाकडे जावे.

सल्लागार मित्रांनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. लहान उद्योजक सरकारी परिपत्रक वाचत नाही, तो तुम्हाला विचारतो. तुमच्याकडे तो फक्त रिटर्न भरायला येतो, असे समजू नका. या मार्चमध्ये प्रत्येक अशिलाकडून दोन याद्या मागवा : कोणाकडून किती येणे आहे, आणि त्याने स्वतः कोणत्या छोट्या पुरवठादाराचे किती थकवले आहे. दुसरी यादी विसरू नका. आपला अशील हा कोणाचा तरी खरेदीदारही असतो, आणि जादा कराचा फटका त्यालाही बसतो. उद्यम नोंदणी करून दिलीत, तर तुमच्या वेळेचे पैसे जरूर घ्या, पण सरकारी शुल्क शून्य आहे हे त्याला स्पष्ट सांगा.

31 मार्चच्या आत प्रत्येक उद्योजकाने तीन कामे उरकावीत : उद्यम प्रमाणपत्र तपासणे, थकीत बिलांची तारीखवार यादी करणे, आणि ती प्रमाणपत्रासह लेखी पाठवणे. ज्यांना संगणक जमत नाही, त्यांना शेजारच्या गाळेवाल्याने मदत करावी. हे आवाहन औद्योगिक वसाहतीच्या सूचना फलकावर लावा, व्हॉट्सॲप गटांत फिरवा. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मागणे ही विनवणी नव्हे, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. तो याच आठवड्यात बजावा.